फरशीवाल्याला मी माफ केलेलं नाही

मुलांनो, दिवाळीत तुम्ही इथं होता तेव्हा गल्लीच्या तोंडाशी एका माणसानं मला वाकून नमस्कार केला आणि मी मान फिरवून पुढं गेले. "आजी, तू अशी का वागलीस?" असं धाकटीनं विचारलं. मी उत्तर दिलं नाही. आता देते, कारण गेल्या आठवड्यात त्याच माणसाच्या सत्काराचं निमंत्रण घरी आलं. सामाजिक सलोख्यासाठी सत्कार, आणि शाल मी घालायची! मी आयोजकांना एक जाड लिफाफा पाठवला. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला की सत्कारमूर्ती बदलले आहेत. तुमचे बाबा फोनवर म्हणाले, "आई, किती वर्षं धरून बसणार?" त्यांना जे सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, पत्रंही तुम्हाला इंग्रजीतच लिहिते. पण या माणसाचा राग मला इंग्रजीत नीट येत नाही, म्हणून हे मराठीत.

आमच्या तालमीत गणपती बसतो आणि मोहरमला पंजेही बसतात. कोल्हापुरात याचं कुणाला नवल नाही. तुम्हाला मात्र सांगायला हवं की पंजा म्हणजे काठीवर बसवलेला धातूचा हात, पिराचं प्रतीक. मोहरमचे दिवस संपले की तो धुऊन, कापडात गुंडाळून एका लाकडी पेटीत जातो, आणि ती पेटी वर्षभर आपल्या घरात असते. हा आपल्या घराचा मान तुमच्या पणजोबांच्याही आधीपासूनचा. पेटीची किल्ली माझ्याकडे, पण पेटी उघडायची शेजारच्या भाभीनं, तीही चांद दिसल्यावर, वजू करून, म्हणजे नमाजाआधी धुतात तसे हात, तोंड, पाय धुऊन. मी नुसती किल्ली द्यायची.

काही वर्षांपूर्वी, मोहरमच्या दीड महिना आधी, कुणाच्या तरी मोबाइलवरच्या एका चित्रावरून गावात दगडफेक झाली. भाभीच्या मुलाच्या टेलरिंगच्या दुकानाची काच फुटली, शिवायला आलेले कपडे गटारात गेले. भाभीनं भांडी पोत्यात भरायला घेतली. जयसिंगपूरला तिची मुलगी असते, तिकडं जायचं ठरलं होतं. चाळीस वर्षं आमच्या दोघींच्या गच्च्यांमध्ये फक्त एक कमरेएवढी भिंत होती. मी त्या भिंतीवरून म्हणाले, "मोहरमपर्यंत थांब. तोवर गल्ली शांत झाली नाही, तर पोती मी स्वतः गाडीत चढवते."

"बाई, तुमच्या शब्दावर थांबते," ती म्हणाली. "पण माझ्या पोराच्या डोक्यात दगड पडला, तर तुमचा शब्द घेऊन मी काय करू?"

म्हणून आम्ही समिती केली. दोन्हीकडचे मिळून नऊ जण, दर रविवारी सकाळी तालमीत बैठक. इतिवृत्त मी लिहायचं. काय ठरलं, कोणी मान्य केलं, खाली सगळ्यांच्या सह्या. लोक हसले. "बाईंनी तालमीची शाळा केली," असं कुणीतरी म्हणालं. असू दे म्हटलं.

पहिल्या बैठकीत ठरलं की पंजे नेहमीसारखे तालमीतच बसतील. मंगळवारी घरोघरी चिठ्ठ्या पडल्या, की यंदा समितीनं गणपती बंद केला. दुसऱ्या बैठकीत आम्ही दोन्हीकडच्या तरुणांना समोरासमोर बसवलं. बुधवारी त्यातल्या एकाच्या गाडीची सीट कुणी फाडली. तिसऱ्या बैठकीत मिरवणुकीचा रस्ता ठरला. तो रस्ता आमच्याआधी चहाच्या गाडीवर पोचला होता, आणि तिथं त्याला वेगळेच अर्थ फुटले होते.

हे करणारे चौघं होते. त्यांचं एक मंडळ होतं, त्याची पाटी होती, काम काही नव्हतं. भांडण पेटलं की गल्ली त्यांना विचारून चालायची, शांतता असली की त्यांना कुणी चहा पाजत नसे. एवढंच त्यांचं दुखणं. त्यांचा म्होरक्या फरशीच्या दुकानाचा मालक. तो तर आमच्या समितीतच होता! पहिल्या रांगेत बसायचा, हात जोडायचा. "बाई, तुमचं अक्षर म्हंजे मोती हाय की," असं म्हणून सही करायचा आणि बाहेर पडून कामाला लागायचा.

मोहरमला चार दिवस उरले असताना, दुपारी तीनच्या सुमाराला भाभीचा मुलगा धापा टाकत आला. मोबाइलवर एक फोटो फिरत होता. जमिनीवर मोडलेला पंजा, त्याची दोन बोटं तुटलेली. खाली लिहिलं होतं की तालमीचं दार फोडून आत्ताच हे केलं. पलीकडच्या चौकात मुसलमानांची पोरं जमली होती. इकडं तालमीच्या दारात आमची पोरं काठ्या घेऊन उभी होती, कारण त्यांना दुसराच निरोप मिळाला होता, की ते चाल करून येताहेत.

मी फोटो पाहिला आणि मला, खरं सांगते, आनंद झाला. कारण पंजा तालमीत नव्हताच. तो माझ्या कपाटाशेजारी, माझ्या कुलपात होता. फरशीवाल्यानं बारा वर्षं पंजा तालमीत बघितला होता आणि तो तिथंच राहतो असं धरलं होतं. पेटी न्यायला, आणायला, धुवायला तो एकदाही आला नव्हता. पाया पडून फोटो काढायला तेवढा यायचा.

पेटी उचलली. एक बाजू मी, एक बाजू भाभीचा मुलगा. भाभी पुढं. चौकात पोचलो तेव्हा आरडाओरडा एवढा होता की माझा आवाज कुणाला ऐकू जाईना. पेटी रस्त्याच्या मधोमध ठेवली. मी किल्ली पुढं केली तर भाभीनं हात मागं घेतला.

"चांद दिसला न्हाय, बाई. आज उघडली तर पीर मला काय म्हणंल?"

"नाही उघडलीस तर ही पोरं काय करतील?"

तिनं माझ्या हातातून किल्ली घेतली. मग नळावर जाऊन तिनं वजू केली, सगळ्यांसमोर, अजिबात घाई न करता. तेवढ्या वेळात आरडाओरडा थांबला. तिनं कुलूप काढलं, कापड उलगडलं आणि पंजा दोन्ही हातांनी वर धरला.

"बघा रे मुडद्यांनो! मोजा बोटं! पाच हाईत का न्हाईत?"

एका पोरानं खरंच मोजली. मग तोच फोटो बघत म्हणाला, "आणि ही फरशी तर तालमीची न्हाय. तालमीत शहाबादी हाय." फोटोतली फरशी हिरव्या ठिपक्यांची होती. तसली फरशी आमच्या भागात चौकातल्या एकाच दुकानात घातलेली आहे. सगळ्यांची तोंडं तिकडं वळली आणि शटर खाली ओढल्याचा आवाज आला.

रविवारी मी त्याला बोलावून घेतलं. यायला तयार नव्हता, त्याच्या आईनंच त्याला दंडाला धरून आणलं. मी इतिवृत्त पहिल्या पानापासून वाचलं. ठरलेली एकेक गोष्ट, आणि तिच्यानंतर दोन-तीन दिवसांत काय घडलं ते. शेवटी विचारलं, "फोटो कुणाचा?"

"म्याडम, मस्करी व्हती."

मी लिहिलं, 'मस्करी होती.' वही त्याच्यापुढं सरकवली. "सही करा. मोत्यासारखी."

त्यानं केली. त्या पानांच्या प्रती मी स्वतः पोलीस ठाण्यात दिल्या; आयोजकांना पाठवलेल्या जाड लिफाफ्यातही त्याच होत्या. चौघांकडून चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घेतला गेला आणि दर सोमवारी सकाळी हजेरी लागली. ती हजेरी होती तोवर मी सोमवारची भाजी ठाण्यासमोरच घ्यायची. तिथली मेथी चांगली नसते, तरी घ्यायची.

तेवढ्यावर मी थांबले नाही. गल्लीतल्या मुलांचे परदेशी कॉलेजांचे अर्ज मीच तपासते. त्याची मुलगी हुशार, वागायला नम्र, ती कागद घेऊन दारात आली. मी तिला आत घेतलं नाही. म्हटलं, "तुझ्या वडिलांनी माझ्या वहीत कशाखाली सही केली आहे ते आधी त्यांना विचार." ती परत आली नाही. त्या वर्षी तिचा अर्ज गेला नाही, पुण्याच्या कॉलेजात गेली.

भाभीला हे कळलं तेव्हा ती भिंतीपाशी येऊन म्हणाली, "लेकरानं तुमचं काय केलतं, बाई?" दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबर असेल. पण काच तिच्या मुलाच्या दुकानाची फुटली होती आणि ती माफ करू शकत होती. शब्द मी दिला होता, आणि तो मोडायला तो माणूस माझ्याच समोर बसून सह्या करत होता. त्या मुलीबद्दल मला वाईट वाटलं असं तुम्हाला लिहिलं, तर ते खोटं होईल.

भाभीचा मुलगा मात्र थांबला नाही. मोहरम संपून पंजे उठले आणि महिन्याभरात त्यानं दुकान जयसिंगपूरला हलवलं. आईला न्यायला तो तीनदा आला. तीनदा ती म्हणाली, "पुढच्या मोहरमनंतर बघू." पोत्यांतली भांडी तिनं परत फळीवर लावली आहेत, एक पोतं सोडून.

समितीत नऊ होतो, आता सहा आहोत, आणि सहाही जण बैठकीला येतात. पंजे तालमीत बसतात, गणपतीही तिथंच बसतो. भाभी शेजारच्याच घरात राहते.