चारा बंद केला ते चार दिवस

ते प्रकरण आठवलं की या वयातही मी अस्वस्थ होतो.

बाहत्तरच्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्याच्या कोरड्या भागातल्या एका ठाण्यात मी नवा फौजदार होतो. चराईची रानं करपून गेली होती. म्हणून सरकार मेंढपाळांना, ज्याची जितकी मेंढरं त्या मानानं, सवलतीच्या चाऱ्याची चिठ्ठी देई. एका सकाळी टपालात निनावी अर्ज आला. अमुक मेंढपाळ दुसऱ्याची मेंढरं आपली म्हणून दाखवतो आणि सरकारी चारा लाटतो, असं त्यात होतं.

मी हवालदाराला घेऊन तडक त्याच्या मेंढवाड्यावर गेलो. मेंढपाळ मेंढरांच्या कानाला ठरावीक काप देतात, तीच मालकाची खूण. इथं काही कानांना सरळ काप होता, काहींना दुहेरी. झालं, चोर सापडला! चिठ्ठी जप्त केली, चारा बंद केला आणि त्याला ठाण्यात आणलं.

"दुहेरी कापाची मेंढरं कुणाची?"

"माज्याकडं हायती म्हंजी माजीच की, साहेब."

तीन दिवस दमात घेतलं. उत्तर तेच. मध्येच दाराबाहेर बघून म्हणायचा, "चारा तेवडा सोडा, साहेब. गाभण मेंढ्या हायती." मला ते नाटक वाटलं. नवी वर्दी होती, नाव कमवायची घाई होती.

चौथ्या दिवशी हवालदारानं तोंड उघडलं. तो स्वतःही मेंढपाळ घराण्यातला. "साहेब, ढापलेल्या मेंढराचा कान माणूस पयला कापतो आन् आपली खूण करतो. ह्यानं दुसऱ्याची खूण तशीच ठिवलीय. कुणाची तरी जित्राबं सांबाळतोय बगा."

त्याच दुपारी एक बाई धापा टाकत ठाण्यात शिरली. मेंढपाळाची धाकटी बहीण, नवरा वारलेली.

"ती मेंढरं माजी हायती. माज्या मालकाच्या वाटणीची. दीर खाटकाला इकाय निगाला, म्हून भावाकडं लपवली. आता माजं नाव लिवा, पर आज चारा सोडा."

तिचा जबाब लिहून होतोय तोच दीर दारात हजर. मयत भावाची मेंढरं ताब्यात द्या म्हणे. त्याला कुणी कळवलं? हवालदार कानात म्हणाला, "चार दिस समोरच्या चहावाल्याकडं बसून हाय." मी दिराला समोर बसवून मागणीचा अर्ज लिहायला लावला आणि निनावी अर्ज शेजारी ठेवला. अक्षर एकच. ती मेंढरं मेंढपाळाची नाहीत हे त्याला पोलिसांकरवी वदवून घ्यायचं होतं, आणि मी इमानेइतबारे त्याचंच काम करत होतो!

दिराच्या मेंढरांचा काप तिरका निघाला. दुहेरी काप वाटणीनंतर बाईच्या नवऱ्यानं केला, हे गावातल्या पंचांनी सांगितलं. पंचनामा करून मेंढपाळाला सोडलं, मेंढरं बाईच्या ताब्यात दिली, दिराला कोर्टाची वाट दाखवली आणि चारा घेऊन मी स्वतः वाड्यावर गेलो.

काही गाभण मेंढ्या आडव्या पडल्या होत्या. बाईनं कडबा तोंडाशी धरला. त्यांनी नुसता हुंगला.

तिनं माझ्याकडं पाहिलं. "साहेब, आदी इचारायचं, मग चारा तोडायचा. तुमी उलटं का केलं?"

पुढच्या सगळ्या नोकरीत, खबर कितीही पक्की असली तरी, चौकशी संपेपर्यंत उपाशी कोण राहणार हे मी आधी विचारत आलो.