आमच्या दाराशी थांबणारा भोंगा

आमच्या भागात विधानसभेची पोटनिवडणूक लागली आणि अप्पा परत आले. म्हणजे त्यांचा आवाज आला. अप्पांना जाऊन तोवर काही वर्षं झाली होती.

अप्पा माझे वडील. जयनगरच्या पलीकडे आमचं कापडाचं छोटं दुकान, पण लोक त्यांना ओळखायचे ते निवडणुकीमुळे. या राज्याचं नाव म्हैसूर होतं तेव्हापासून ते एकाच आमदारासाठी रिक्षाला भोंगा बांधून फिरले. कन्नड, तमिळ, उर्दू, आणि आमच्या गल्लीत शिरले की मराठी. घरात चार शब्द बोलायला कंजूष माणूस, पण माइक हातात आला की सुटायचाच. पथ्य मात्र एक होतं. आमच्या दाराशी रिक्षा आली की माइक बंद, शेजारचं फाटक आलं की पुन्हा सुरू. बायकोपुढे काय हात पसरायचे, असं म्हणायचे. आई गॅलरीत उभी राहायची ती त्या शांततेसाठी.

पुढे आमदार गेले, मग अप्पाही. आता आमदारांचा मुलगा उभा होता, तोही बापाचा पक्ष सोडून समोरच्यांकडून. ज्या पक्षाचं नाव निघालं की अप्पा पानावरून उठायचे, तोच पक्ष. एका दुपारी गल्लीच्या तोंडाशी अप्पांचा आवाज त्याच पक्षासाठी मत मागू लागला, मराठीत, नेहमीच्या ठसक्यात. आमदारांच्या घरी प्रचाराच्या जुन्या कॅसेटी होत्या आणि त्यांवरून कॉम्प्युटरने हा आवाज बनवला होता, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी चहा तसाच टाकून गॅलरीत आलो.

रिक्षा जवळ आली. आमच्या दाराशी आवाज बंद झाला. रिक्षा तशीच सावकाश पुढे गेली आणि शेजारच्या फाटकाशी आवाज पुन्हा सुरू झाला.

मी धावत जाऊन रिक्षावाल्याला गाठलं. त्याला वाटलं, मी आवाजाची तक्रार करायला आलोय. "इथेच तुटतं, अण्णा," तो कन्नडात म्हणाला. "सकाळीही तुटलं. वायर बदलली, फोन बदलला. तुमच्या घराला काय आहे ते तुम्हीच सांगा."

वर आलो तर आई कठड्याला धरून उभी. "बघितलंस?" ती म्हणाली. "हेच आहेत."

मी चिडलो. मशीन आहे, असं तिला दहा प्रकारांनी सांगितलं. ती कन्नडातलं "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत राहिली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ठेवणीतलं लुगडं नेसून गॅलरीत जाऊन बसली. तिसऱ्या दिवशीही. अप्पांच्या पक्षाखेरीज तिने जन्मात दुसरं बटण दाबलं नव्हतं. आता मला विचारायची, "हे सांगतात त्याला द्यायचं का रे?" मला भीती वाटायची, खोटं कशाला सांगू. आवाजाची नव्हे, तो थांबल्यावर तिचा चेहरा उजळायचा, त्याची.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी मी एचएसआर लेआउटला गेलो. आवाज बनवणारी कंपनी तिथे होती. पुण्याची एक मुलगी भेटली, स्वभावाने चांगली. "काका, आय अंडरस्टँड, पण परमिशन क्लायंटने दिलीय," ती म्हणाली. "आणि संध्याकाळी प्रचार संपतोच. त्याआधी फक्त पर्सनल कॉल्स जातील, प्रत्येक व्होटरचं नाव घेऊन." जुन्या कॅसेटींवरून आवाज इतका स्वच्छ कसा, असं विचारल्यावर तिने अभिमानाने सांगितलं, "खोकला, खाकरणं, अडखळणं, सगळं क्लीन करतो आम्ही."

मी मनात हसलो. साऱ्या वॉर्डाची नावं तोंडपाठ असणाऱ्या या माणसाने बायकोचं नाव कधी घेतलं नव्हतं. "अगं" म्हणायचे, नाहीतर "ऐकलंस का". लग्नात उखाण्याची वेळ आली तर चक्क उठून पळाले होते, हा आमच्याकडचा जुना विनोद. आता मशीनच आपल्या तोंडाने पकडलं जाणार होतं. मी लगबगीने घरी आलो.

फोन वाजला. स्पीकर मीच लावला.  मग अप्पा खाकरले, अवघड काही बोलायच्या आधी खाकरायचे तसेच. आणि त्यांनी आईचं नाव घेतलं. हळू आवाजात, भोंग्यातल्यासारखं नव्हे. "एवढं एक मत द्या," म्हणाले.

फोन कट झाल्यावर मी उसनं अवसान आणून म्हटलं, "ऐकलंस ना? अप्पा असते तर नाव घेतलं असतं का?"

"स्वल्प थांब," ती म्हणाली. कट झालेला फोन तिने कानाला लावून ठेवला होता.

मतदानाच्या दिवशी मी तिला शाळेत घेऊन गेलो. ती आत गेली आणि बोटाला शाई लावून बाहेर आली. विचारू नये हे मला कळतं, तरी दाराशी आल्यावर मी विचारलंच, कुणाला दिलंस.

ती पदराने घाम पुसत म्हणाली, "इतकी वर्षं इथे आले की गप्प व्हायचे. आता नाव घेऊन मागितलं. नाही कसं म्हणू?"