फसलेल्या बॅगांचं टेबल

बॅगा शिवायच्या त्या कारखान्यात सगळे तिला मावशी म्हणत. मालकसुद्धा. सख्खा भाचा एकही नाही, पण हक्काने रुसणारे भाचे हॉलभर!

ती नवीन लागली तेव्हा तिथे मास्तरांचं राज्य होतं. माणूस कामाला वाघ, पण तोंड म्हणाल तर नुसता जाळ. टाका चुकला की बॅग सगळ्यांदेखत उंच धरून विचारायचे, "हे दिवे कोणी लावले?" मग काय, लोक शहाणे झाले. बिघडलेलं चामडं मशीनखाली, कपाटामागे. कुणी तर जेवणाच्या डब्यात घालून घरी न्यायचं. चुका दिसायच्या बंद झाल्या आणि त्यांच्याबरोबर नवीन काही करून बघणंही बंद झालं. वर्षानुवर्षं तीच बॅग, तोच खिसा.

मास्तर निवृत्त झाले आणि हॉल मावशीच्या हाती आला. आल्याआल्या तिने बॅगेला बाहेरून खिसा लावायचा घाट घातला, आणि घाईत खिशाचं तोंडच खाली शिवलं. दुसरं कुणी असतं तर गुपचूप उसवलं असतं. हिने चहाच्या वेळी ती बॅग टेबलावर आपटली आणि म्हणाली, "घ्या, आधी पोटभर हसून घ्या. मग सांगा, कसं सुधारायचं ते."

हसतंय कोण! सगळे चहाच्या कपात तोंड घालून बसलेले. शेवटी चामडं कापणारे काका हळूच म्हणाले, "छान आहे की. चोराला हात घालायची तसदी नको." त्यावर जो हशा पिकला म्हणता!

तेव्हापासून रिवाजच पडला. नवीन काही करताना जे फसेल ते चहाला टेबलावर. आधी हसायचं, मग डोकं चालवायचं. हसायचं ते बॅगेला, माणसाला नाही, एवढंच पथ्य. काकांचा एकदा पट्टा वाकडा कापला गेला. "नाचता येईना, अंगण वाकडं," म्हणत त्यांनी स्वतःच तो टेबलावर टाकला, आणि त्या पट्ट्याला सगळे पोट धरून हसले. पण खांद्यावर घालून बघितला तर पट्टा घसरेचना! त्या वाकड्या पट्ट्याने कारखान्याचं नाव केलं. काय दिवस होते ते! चहाचं पाणी व्हायचं, शिट्टी वाजून जायची, तरी कुणी जागचं हलायचं नाही.

मावशीची निवृत्ती जवळ आली तेव्हा मालकांनी हॉल तिच्या सुनेला द्यायचं ठरवलं. सून तिथेच कामाला, हात अगदी साफ. पण इतक्या वर्षांत तिने टेबलावर एक चिंधीसुद्धा ठेवली नव्हती. मावशीच्या जिवाला तोच घोर लागला. जी स्वतःची चूक दाखवत नाही, तिला दुसरे कशाला दाखवतील? पुन्हा लपवालपवी सुरू, आणि आपण केलं ते सगळं पाण्यात.

शेवटच्या दिवशी तिने विचारलंच. हॉल रिकामा झाला होता. सून मशीनवर कापड टाकत होती.

"तुझं कधी काही फसतच नाही का गं?"

"फसतं की. माझ्या कपाटात ढीग पडलाय."

"मग टेबलावर का नाही आला?"

"राग मानू नका, आई. तुम्ही इथे सगळ्यांच्या मावशी. पण घरी माझी भाजी करपली की आठवडाभर ऐकवता, आल्यागेल्याला सांगता. मला इथेही सासूच दिसते. कसं ठेवू?"

मावशीच्या जिभेवर उत्तर तयार होतं. पण तिने ते गिळलं, कारण बोलणं खरं होतं. जन्मभर मास्तरांना नावं ठेवली, आणि मास्तर तिच्याच स्वयंपाकघरात ठाण मांडून बसलेले!

"उद्यापासून मी नसेन इथे," ती म्हणाली. "मग ठेवशील?"

"बघू," सून म्हणाली.

घरी मावशीने जिभेला लगाम घातला. सोपं नव्हतं हो! भाताचा गोळा झाला की बिचारी खिडकीबाहेर बघत जेवायची. सून चोरून तिच्याकडे बघायची. टेबलाचा विषय मात्र दोघींपैकी कुणीच काढत नव्हती.

शेवटी एक दिवस राहवेना, तेव्हा विसरलेल्या कात्रीचं निमित्त करून ती कारखान्यात गेली. चहाचीच वेळ. दाराशी पोचते न पोचते तोच आतून हशा ऐकू आला, आणि त्या हशातून सुनेचा आवाज.

"अहो, पुढचं ऐका तर! झाकण मी चारही बाजूंनी शिवून टाकलंय. आता बॅग उघडायची तर आधी फाडायला हवी!"

पुन्हा हसण्याचा गडगडाट. मग काका म्हणाले, "पण समजा, तळाला चेन लावली तर?" आणि सगळे एकदम बोलायला लागले.

मावशीचे डोळे भरून आले. हात दारावर गेला होता. आत जावं, ती बॅग उलटसुलट करून बघावी, आपलंही एक मत ठोकून द्यावं, असं तिला इतकं वाटलं, इतकं वाटलं! पण आपण आत पाऊल टाकलं की सुनेचं हसू तिथल्या तिथे थांबेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने हात मागे घेतला आणि कुणाला दिसायच्या आत ती परत फिरली.