पोल्का लागली की वर या

टाबोरव्हिलमध्ये वावटळीचा, म्हणजे टोर्नेडोचा, भोंगा वाजतो तो फक्त धोक्याचा. धोका टळल्याचा भोंगा नसतो. भोंगा झाला की लोक तळघरात जातात आणि बॅटरीवरचा रेडिओ लावतात. रेडिओवर गावचं स्टेशन चालवणाऱ्या अर्डिथ कुबिचेक बोलत असतात. त्या बोलत आहेत तोवर खाली बसायचं. मग त्यांचं बोलणं थांबतं आणि अकॉर्डियनवरची एक पोल्का, म्हणजे उडत्या चालीची नाचाची धून, लागते. ती लागली की वर यायचं. बाईंचे सासरे स्टेशन चालवायचे तेव्हापासूनचा हा रिवाज. नेब्रास्काच्या त्या कोपऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही तो ठाऊक आहे. कोणी तो लिहून ठेवलेला नाही.

अर्डिथबाईंना आयुष्यात दोन गोष्टींची भीती. पहिली, रेडिओ गप्प होण्याची. नवरा मायलो गेला त्या दिवशीही त्यांनी दुपारचे धान्याचे भाव स्वतः वाचले होते. दुसरी, समोर बसलेल्या माणसांची. माइकपुढे तासन्‌तास बोलणारी ही बाई चर्चच्या जेवणात प्रार्थना म्हणायची पाळी आली की स्वयंपाकघरात भांडी घासायला पळायची.

राज्यातल्या रेडिओ-टीव्हीवाल्यांची एक संघटना आहे. राजधानीत तिचं छोटं कार्यालय आहे, आणि तिच्या बातमीपत्रात सभासदांच्या बातम्या मी लिहिते. संघटनेचे संचालक ग्लेन ॲश्बी दर हिवाळ्यात बाईंना फोन करायचे. वादळानंतर पोलीस रस्ते अडवतात. अग्निशमनवाले, रुग्णवाहिका आणि वीजवाले यांनाच आत सोडतात. रेडिओवाल्यांनाही टॉवरपर्यंत जाऊ द्यावं, असा कायदा संघटनेला हवा होता आणि विधिमंडळाच्या समितीपुढे बोलायला छोट्या गावातलं माणूस हवं होतं.

"अर्डिथ, फक्त तीन मिनिटं."

"ग्लेन, मी काचेच्या खोलीत बोलते. समोर तोंडं असली की माझं तोंड बंद."

"आमदारच आहेत, चावत नाहीत."

"मग तूच जा की. तुला तर तोंड थांबवायचे पैसे द्यावे लागतात."

ग्लेन हसायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा फोन करायचे. बाई संघटनेच्या वसंतातल्या मेळाव्याला मात्र न चुकता जायच्या. बक्षिसांच्या जेवणात मागच्या टेबलावर बसायच्या आणि दुसऱ्या दिवशी यंत्रांच्या दुकानांतून फिरायच्या. तिथूनच एका वर्षी त्यांनी एक पेटी आणली. स्टुडिओ गावात आणि टॉवर गावाबाहेर मक्याच्या शेतात, असं बहुतेक स्टेशनांचं असतं. स्टुडिओच्या छपरावरच्या अँटेनाच्या तबकडीतून आवाज टॉवरकडे जातो आणि तिथून सगळ्या काउंटीत, म्हणजे तालुकाभर. मधली वाट तुटली तर टॉवर मुका होतो. ही पेटी टॉवरखालच्या खोपटात ठेवायची. स्टुडिओतून आवाज येईनासा झाला की थोडा वेळ वाट पाहून ती स्वतःच गाणी सुरू करते. रेडिओ कधीच गप्प होणार नाही! बाईंच्या पहिल्या भीतीवर तोडगा मिळाला होता.

पेटीत गाणी भरायची होती. बाईंनी मायलोच्या आवडीची, सगळ्या गावाच्या ओठांवरची पोल्का भरली. पहिली ती, आणि बाकीची भरायची राहूनच गेली.

मे महिन्यातला शनिवार होता. पदवीच्या पार्टीसाठी चर्चच्या हॉलमध्ये बायका कोलाचे नावाचे गोड पाव भाजत होत्या, खसखशीचे आणि जर्दाळूचे. त्यांत बाईंची धाकटी बहीण लॉरेन होती. आकाश दुपारपासूनच आजारी हिरवं पडलं होतं. भोंगा झाला तसा लॉरेनचा फोन आला.

"अर्डी, निघालो आम्ही तळघरात. दुसरा घाणा भट्टीत आहे, तेवढं लवकर आटप."

"मी काय वादळाला सांगू, माझ्या बहिणीचे कोलाचे करपतायत म्हणून?"

"सांगून बघ. तुझं ऐकतात सगळे."

त्यानंतर फोन लागला नाही.

वादळं हेरणारा ड्वेन आपल्या पिकअपमधून वायरलेसवर सांगत होता आणि बाई ते माइकवर सांगत होत्या. पहिली वावटळ गावाच्या उत्तरेकडून घासत गेली. स्टुडिओच्या खिडक्या आत फुगल्यासारख्या वाटल्या. छपरावर काहीतरी लोखंडी कण्हलं. वीज गेली, इथला आणि टॉवरखालचा असे दोन्ही जनरेटर सुरू झाले. बाई टेबलाखाली बसून बोलतच राहिल्या. "खालीच थांबा. अजून संपलेलं नाही. ड्वेन म्हणतोय, दक्षिणेकडे दुसरी तयार होतेय. खालीच थांबा."

त्यांच्या कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये नेहमी टॉवरवरून परत आलेला आवाज असतो, म्हणजे काउंटी जे ऐकते ते. तिथे आता त्यांचा आवाज नव्हता. नुसती खरखर होती. बाई तरीही बोलत राहिल्या, आवाज चढवून, जणू ओरडल्याने तुटलेली तबकडी सरळ होणार होती.

मग खरखर थांबली आणि हेडफोनमध्ये अकॉर्डियन वाजू लागलं.

हे बाईंनी मला नंतर सांगितलं. म्हणाल्या, "आधी मला बरं वाटलं गं. पेटी चालली म्हणून. पेटी चालली, असं मोठ्यानं म्हणालेसुद्धा. आणि मग गाणं कोणतं आहे ते कानात शिरलं."

सगळ्या काउंटीतली तळघरं ती पोल्का ऐकत होती. लॉरेन तर पोल्का लागली की सगळ्यांत आधी जिना चढणारी. भट्टीत घाणा होता.

वायरलेसवर ड्वेन ओरडला, "अर्डिथ! काय करतेयस तू? दुसरी खाली उतरतेय! गाणं कशाला लावलंस?"

"मी नाही लावलं!"

"मग बंद कर!"

बंद करायचं बटण इथे नव्हतं. ते टॉवरखालच्या खोपटात होतं.

मोबाइल मेले होते. विजेअभावी भोंगाही मुका झाला होता. चर्चकडे पळावं तर फक्त चर्च वाचणार होतं. बाकीची घरं? बाईंनी जुनी ब्यूक काढली आणि टॉवरच्या रस्त्याला लावली. गाडीतला रेडिओ चालूच होता. बंद करायला हात जाईना, कारण पेटी बंद पडली तर ते त्यावरच कळणार होतं, आणि ती पोल्का संपली की पुन्हा पहिल्यापासून लागत होती. रस्त्यात पानं, पत्रे, कोणाच्या तरी अंगणातला झोपाळा. बाई गाडी चालवत होत्या आणि लहान मुलीसारख्या हुंदके देत होत्या.

गावाच्या वेशीवर पोलिसाची गाडी रस्त्यात आडवी उभी होती. शेजारच्या काउंटीतून मदतीला आलेला तरुण डेप्युटी हात वर करून पुढे आला.

"मागे फिरा, मॅम. पुढे तारा पडल्यात."

"मी रेडिओची. मला टॉवरवर जायचंय."

"अग्निशमन, रुग्णवाहिका, वीज. मला एवढंच सांगितलंय. रेडिओ त्यात नाही."

"अरे, ते गाणं बंद करायचंय मला!"

त्याने गाडीच्या खिडकीतून कान दिला. "चांगलं गाणं आहे की," तो म्हणाला. "घाबरू नका, मॅम. घरी जा. पाणी प्या." म्हातारी बाई धक्क्यातून अशी बोलते आहे असं त्याला वाटलं. त्याची काय चूक? त्याच्या गावात पोल्का लग्नात वाजते.

बाई समजावू लागल्या, पण शब्द उलटेसुलटे पडत होते. समोर तोंड होतं ना! तळघर, मायलो, पेटी, लॉरेन, सगळं एकात एक. डेप्युटी मान हलवत होता आणि दक्षिणेकडे एक करडी भिंत जमिनीला टेकत होती.

तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या घराचं तळघराचं झडपेसारखं दार उघडलं. लेनर्ड नावाचा म्हातारा शेजारी वर आला. बगलेत कुत्रं आणि दुसऱ्या हातात रेडिओ. रेडिओवर तीच पोल्का. त्याने बाईंना ओळखलं आणि हसून हात केला.

"संपलं ना, अर्डिथ? यंदा लवकर सोडलंस!"

"आत जा! लेनर्ड, आत जा!"

"काय? जोरात बोल, मला ऐकू येत नाही!"

डेप्युटीने म्हाताऱ्याकडे पाहिलं. मग दक्षिणेकडे पाहिलं. मग बाईंकडे. "हे गाणं ऐकून बाहेर येतात?" त्याने विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता त्याचा.

"सगळे. सगळे येतात रे."

त्याने आपली गाडी रस्त्याच्या कडेच्या चरात घातली आणि म्हाताऱ्याकडे पळत सुटला. बाईंची ब्यूक मोकळ्या रस्त्याने निघाली.

टॉवरखालचं खोपट म्हणजे पत्र्याची खोली. तळघर नाही, खिडकी नाही. टॉवरला ताणून धरणाऱ्या पोलादी तारा वाऱ्यात गुरगुरत होत्या. बाईंनी पेटीची वायर उपटली. दुसऱ्याच क्षणी सगळी काउंटी गप्प झाली. चाचणीसाठी ठेवलेला जुना माइक खणात होता. त्याची पिन एका हाताने बसेना. दोन्ही हातांनी त्यांनी ती खुपसली.

"मी अर्डिथ. ती पोल्का मी लावलेली नव्हती. ती खोटी आहे. खाली जा. वर आलेले सगळे खाली जा. लॉरेन, भट्टी सोड आणि खाली जा. लॉरेन, ऐकतेयस ना? कोलाचे जळू देत. दुसरी वावटळ आली आहे. ती मला दिसते आहे."

खरं तर दिसत काहीच नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. मालगाडीसारखा आवाज येतो असं सगळे सांगतात. बाई म्हणतात, मालगाडी जाऊन संपते तरी. पत्र्याचे खिळे एकेक सुटत होते. बाई प्रक्षेपणाच्या यंत्राला पाठ लावून जमिनीवर बसल्या, डोळे मिटले आणि बोलत राहिल्या. काय बोलल्या ते त्यांना आठवत नाही. लोक सांगतात की शेवटी त्या धान्याचे भाव सांगत होत्या, कालचे.

टॉवर वाकला पण पडला नाही. खोपटाचं अर्धं छप्पर गेलं. बाई बाहेर आल्या तेव्हा चर्चच्या हॉलवरचं छप्परही दिसत नव्हतं.

गाडी तिथवर गेली नाही, शेवटचं अंतर त्या चालत गेल्या. लॉरेन तळघराच्या तोंडाशी उभी होती, केसांत पीठ आणि चुना. बहिणीला पाहताच ती कडाडली, "सगळ्या काउंटीसमोर माझं नाव घेतेस? आणि वर म्हणे कोलाचे जळू देत!"

बाईंनी तिला घट्ट धरलं. थोड्या वेळाने लॉरेन हळूच म्हणाली, "भट्टीचं दार उघडलं होतं मी, अर्डी. हातात फडकं होतं."

लेनर्ड वाचला, डेप्युटी वाचला. कुत्रंसुद्धा. पण गावाच्या टोकाला राहणाऱ्या इर्मा यांडा अंगणात सापडल्या, कपड्यांच्या दोरीपाशी. सगळे बाईंना सांगतात की इर्मा कधी तळघरात जातच नसे, हट्टी होती. इर्मांचा रेडिओ खिडकीत सापडला. तो चालू होता की बंद, ते कोणी पाहिलं नाही. बाई अजूनही भेटेल त्याला ते विचारतात.

त्या हिवाळ्यात ग्लेननी फोन केला नाही. बाईंनीच केला.

समितीच्या खोलीत आमदार अर्धगोलात बसले होते. बाईंनी कागद उलगडला, वर पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. ग्लेन खुर्चीतून अर्धे उठले. मग बाईंनी अध्यक्षांना विचारलं, "मी भिंतीकडे तोंड करून बोलले तर चालेल का?"

कोणीतरी हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. "बोला, मिसेस कुबिचेक."

बाईंनी खुर्ची फिरवली, आमदारांकडे पाठ केली आणि रेडिओवर बोलतात तसं सगळं सांगितलं. इर्माचं नावही घेतलं. विधेयक समितीतून पुढे गेलं, पण अजून पूर्ण सभागृहासमोर आलेलं नाही. बातमीपत्रात मी त्याच्या दोन ओळी दिल्या. "ज्येष्ठ सभासदाची समितीपुढे साक्ष." दोन ओळींत आणखी काय मावणार?

पुढच्या वसंतात पहिला भोंगा झाला तेव्हा मी टाबोरव्हिललाच होते, स्टुडिओत. वावटळ आली नाही, गारा पडून गेल्या. हवामानखात्याने इशारा मागे घेतला. टॉवरवरच्या पेटीत आता गाणी नाहीत, बाईंच्याच आवाजात "खालीच थांबा" एवढं भरलं आहे. बाईंनी माइकवर सांगितलं, "संपलं. वर या." आणि हेडफोन काढला.

रस्त्यावर कोणीच दिसेना. फोन वाजला. लॉरेन होती.

"आम्ही सगळे तळघराच्या जिन्यावर बसलोय. लाव की."

"सांगितलं ना मी, संपलं म्हणून."

"सांगितलंस, ऐकलं. लाव."

"लॉरेन, मला नाही जमत."

"मग बसतो आम्ही इथंच. लेनर्डही इथंच आहे, त्याला लघवी लागलीय, त्याचं पाप तुझ्या माथी."

बाईंनी खिडकीतून दक्षिणेकडे पाहिलं. ड्वेनला विचारलं, त्याने काही नाही म्हणून सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं. रडारचा पडदा पाहिला, मग मलाही पाहायला लावला. सगळं निरभ्र होतं. त्यांनी बटणावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. बटण दाबलं तेव्हा डोळे मिटलेले होते.

पोल्का संपेपर्यंत त्यांनी हेडफोन कानाला घट्ट धरून ठेवला होता. बाहेर दारं उघडायला लागली होती.