सरांनी उंची मापली, मी चाल बघितली

बायांनो, आज वडवणीत नातीच्या बास्केटबॉल फायनलच्या तीन सामन्यांतला पहिला झाला.

कोणी कोणाला अडवायचं, हे तिच्या संघाचे सर निव्वळ उंची बघून ठरवत होते. माझी सोनी बुटकी, म्हणून बाहेर बसवली. समोरची उंच पोरगी सराव करताना मी बघत होते. दर खेपेला ती उजवीकडंच वळायची.

"सर, बैल घेताना चालवून बघत्यात. ती उंच पोरगी उजवीकडंच वळतीया, तिच्यावर चपळ पायाच्या सोनीला सोडा."

"आजी, तुमाला खेळातलं काय कळतंय?"

"खेळातलं न्हाई, पायातलं कळतंय."

वैतागून सरांनी सोनीला उतरवलं. सोनीनं तिला उजवीकडं वळूच दिलं न्हाई. जिंकलो!

उद्याच्या जोड्या लावायला सरांनी मलाच खुर्ची टाकलीय. तुमच्याकडं कोणी पोरगी नुसती मापून बाहेर बसवलीय का? सांगा, मी येते.