टाउनो ओयालाचे आखूड बाण

टाउनो ओयालाचे हात आखूड होते. त्यात त्याचा काही दोष नव्हता, हात काय मिळतील तेवढेच घ्यावे लागतात. जीभ मात्र त्याने स्वतःच्या मेहनतीने वाढवली होती, आणि तिचा दोष दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येण्यासारखा नव्हता.

तो सहकारी डेअरीची गाडी चालवायचा. सकाळी शेताशेतावर थांबून दुधाचे कॅन चढवायचे आणि प्रत्येक ठिकाणी एक बढाई उतरवायची, असा त्याचा धंदा. अमेरिकेतल्या सुपीरिअर सरोवराच्या त्या काठावर सगळी वस्ती फिनलंडहून आलेल्यांची. दोन शेजारी ओट्यावर तासभर गप्प बसून उठले तरी आज भरपूर गप्पा झाल्या म्हणतील, अशी ती माणसं. टाउनोचं ते सगळं ऐकून घेत, कारण त्याला खोटं पाडायचं तर तोंड उघडावं लागलं असतं. तो मात्र समजायचा की आपलं सगळ्यांना पटतंय. आपली गाडी जिल्ह्यात सगळ्यात जोरात पळते, असं तो सांगे. धनुष्यबाणाचं दुकान चालवणारा आर्वो त्यावर एवढंच म्हणे, "हो तर. ह्याचं दूध डेअरीत पोचेपर्यंत वर लोणी आलेलं असतं."

त्याची बायको सिल्वी चांगली उंच होती. लग्नाच्या फोटोत टाउनो चर्चच्या वरच्या पायरीवर उभा आहे आणि ती खालच्या, तरी दोघांची डोकी एका रेषेत येता येता राहिलीत. वरच्या फळीवरचा कॉफीचा डबा ती टाचा न उचलता काढी. ऑक्टोबरात धनुष्याने शिकार करायचा हंगाम उघडला की दलदलीच्या कडेला जाऊन गुपचूप बसे आणि बहुतेक वर्षी हरीण घेऊन येई. टाउनोही जाई, पण हरणाला माणसाचं बोलणं दुरून ऐकू येतं. मग डेअरीच्या गाडीतून ती शिकार गावभर फिरे. पहिल्या शेतावर "आम्ही मारलं" असे, आणि शेवटच्या शेतावर पोचेपर्यंत "मी मारलं" झालेलं असे. सिल्वीच्या कानावर ते येई आणि ती हसून सोडून देई. लोकांना मारलेल्या थापा वेगळ्या आणि घरात दिलेला शब्द वेगळा, असा तिचा हिशोब होता. घरात टाउनोने तिला कधी फसवलं नव्हतं, हेही खरं.

घरात धनुष्य मात्र एकच. "दोन कशाला? दोघांचे हात सारखेच तर आहेत," असं टाउनो म्हणे, आणि म्हणताना हात खिशात घाली.

हात सारखे नव्हते हे आर्वोच्या दुकानात कधीच सिद्ध झालं होतं. दुकान म्हणजे त्याच्या घरामागची गाडी ठेवायची खोली. माप घ्यायला तो खुणा केलेला एक लांबलचक बाण धनुष्यावर चढवून गिऱ्हाइकाला दोरी ओढायला लावी, आणि शेजारी पेन्सिल घेऊन उभा राही. टाउनोने ओढली, आर्वोने खूण केली. मग सिल्वीने ओढली. तिची खूण चांगली चार बोटं पुढे गेली.

"ती वाकली," टाउनो म्हणाला.

"वाकली? मग तूही वाक. गुडघे टेकलेस तरी चालेल मला."

आर्वो काही साधुपुरुष नव्हता. त्याच्या दुकानातल्या सरसात निम्मं पाणी असे आणि तोंडात निम्म्याहून जास्त विष. पण बाणाच्या बाबतीत तो मस्करी करत नसे. सिल्वीला त्याने तिच्या खुणेपेक्षा अंगठाभर लांब आणि हाताला वजनदार लागतील असे बाण करून दिले, आणि आपले ओळखू यावेत म्हणून पिसांखाली लाल दोरा गुंडाळला. "हे बघ," तो तिला म्हणाला, "पुरती दोरी ओढलीस तरी बाणाचं टोक मुठीच्या पुढेच राहिलं पाहिजे. आत आलं की मुठीवर बाण टेकतो त्या टेक्यावरून घसरणार. आणि घसरलेला बाण हरणाकडे जात नाही बाई, धरलेल्या हातात घुसतो. म्हणून ह्याचे बाण तू वापरायचे नाहीस."

टाउनोने हे गावात कधी सांगितलं नाही. लाल दोरा का, असं कुणी विचारलंच, तर बायकांना रंगाची हौस असते म्हणे.

मग त्याला लांब पल्ल्याचं वेड लागलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला गावच्या सभागृहामागच्या कापलेल्या गवताच्या रानात गावची सहल असे, आणि तिथे कुणाचा बाण सगळ्यात दूर जातो याची पैज. बाण जेवढा आखूड आणि हलका तेवढा तो दूर जातो, हा शोध टाउनोला लागला, म्हणजे त्याने कुठेतरी ऐकला. पहिल्या वर्षी त्याने आपले बाण घासून काडीसारखे केले आणि पैज जिंकली. तीन-चार आठवड्यांत धनुष्याची वरची भुजा उभी चिरली. हा पठ्ठ्या ते घेऊन आर्वोकडे गेला आणि वर तोंड करून म्हणाला, "तुझं लाकूडच कुजकं."

आर्वोने चिरलेली भुजा पाहिली, मग बाण बोटावर तोलून पाहिला. "धनुष्याची ताकद बाणानं घेऊन जायची असते. तुझा बाण काही नेतच नाही. मग ती जाणार कुठं? परत धनुष्याच्या अंगात. तू रिकामी दोरी सोडत होतास रे, मूर्खा. डोळा फुटला नाही हे नशीब समज."

टाउनोने दुसरं धनुष्य घेतलं आणि शेताशेतावर कुजक्या लाकडाची गोष्ट सांगितली.

पुढच्या वर्षी एन्सिओ खाटीकही पैजेच्या तयारीला लागल्याचं त्याच्या कानावर आलं. झालं! रोज संध्याकाळी टाउनो सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत कवाड लावून बसू लागला. बाण घासले, आणखी घासले, मग करवतीने पुढून कापले आणि टोकं पुन्हा बसवली. स्वतःचे आखूड हात पुरते ताणले की टोक मुठीच्या पुढच्या कडेला नुसतं टेकलेलं राही, इतके कापले. आर्वोने शिकवलेला अंगठाभर पुढचा भाग त्याला वाया गेलेलं लाकूड वाटला. सिल्वीला त्याने यातलं काही सांगितलं नाही. सहलीला निघताना तिचे लाल दोऱ्याचे बाण घरीच राहू दिले. "उगाच ओझं कशाला?" म्हणाला. खरं कारण असं, की आदल्या वर्षी कुणीतरी एकदा सिल्वीलाही मारू दे म्हटलं होतं, आणि ते त्याच्या मनात सलत होतं.

सहलीला वेलदोड्याचा पाव होता, कॉफीचं मोठं पातेलं होतं आणि सगळा गाव होता. टाउनोने बाण मारला, लांब गेला. एन्सिओने मारला, तो त्याच्याही पुढे गेला. लोकांनी मान डोलावली, म्हणजे त्यांच्या मानाने जल्लोषच केला. टाउनोने वाऱ्याला शिव्या दिल्या, मग दोरीला.

एन्सिओने अस्तनी खाली केली. "टाउनो, सिल्वीला मारू दे की. धनुष्य तुझं, बाण तुझे, हात तेवढे दुसरे."

"हातही तेच समजा," मागून कुणीतरी म्हणालं. "सारखेच आहेत ना? रोज सांगत असतोस!"

सिल्वीने पावाचं पीठ लागलेले हात कमरेच्या फडक्याला पुसले आणि पुढे आली. तिलाही मारायचं होतं, हे तिच्या चालण्यावरून कळत होतं. तिने एक बाण उचलला, उजेडाकडे धरला आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"टाउनो, हा मला पुरेल ना?"

पुरणार नाही, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्याने तो स्वतःच्या हाताने कापला होता. "नाही" एवढं म्हणायचं होतं. पण एन्सिओ ऐकत होता, आर्वो कॉफीचा पेला घेऊन लांबच्या झाडाला टेकून उभा होता (तिच्या हातातला बाण कुणाचा, ते त्याला तिथून दिसत नव्हतं), आणि ज्या ज्या शेतावर त्याने हातांची थाप मारली होती त्या त्या शेतावरचं कुणी ना कुणी तिथे होतं. जन्मभर नको तिथे चाललेली ती जीभ हवी तेव्हाही चाललीच, पण उलटी.

"पुरेल की," तो म्हणाला. "आपले हात सारखेच आहेत."

सिल्वीची आठी गेली. त्याने सांगितलं ना, मग झालं. तिने बाण चढवला, रानाच्या पलीकडच्या टोकाकडे नजर लावली आणि दोरी ओढायला लागली. बाणाच्या टोकाकडे ती कधीच बघत नसे, बघायची तिला गरजच पडली नव्हती.

टाउनो मात्र टोकाकडेच बघत होता. ते मुठीच्या कडेपाशी आलं. तिथे त्याचे हात संपत. तिचे अजून मागे जात होते. टोक कडेच्या आत आलं, टेक्यावरून मागे सरकलं आणि धनुष्य धरलेल्या तिच्या हाताच्या अंगठ्याच्या पेरावर लटपटायला लागलं. पेराच्या सुरकुत्यांत अजून पीठ होतं. ते पीठ टाउनोला दिसलं.

"सोडू नकोस!" तो किंचाळला. "सिल्वी, सोडू नकोस! तुझे हात लांब आहेत! माझ्यापेक्षा लांब आहेत!"

ती पुरती ताणलेली दोरी धरून जागच्या जागी थांबली. "हळू," आर्वो पेला टाकून धावत आला, "बाणाची खाच चिमटीत घट्ट धर. दोरी हळूहळू पुढे जाऊ दे. हळू, बाई." दोरी पुढे आली तसं टोक घसरलं आणि अंगठ्याच्या बुडाशी एक ओरखडा काढून खाली आलं. थोडं रक्त आलं. आर्वोने बाण तिच्या हातातून घेतला आणि गुडघ्यावर मोडला.

मग तो गाव हसला. वर्षभराचं साठवलेलं हसू एकदम बाहेर पडल्यासारखा हसला. एन्सिओ डोळे पुसत म्हणाला, "पुन्हा सांग रे टाउनो, मागच्या लोकांना ऐकू नाही आलं!"

दुसरा एखादा असता तर महिनाभर तोंड लपवून बसला असता. टाउनोची गोष्टच वेगळी. आठवडा उलटायच्या आत डेअरीच्या गाडीतून नवीन माल उतरायला लागला: मी ओरडलो म्हणून तिचा हात वाचला. एवढ्या लोकांत एकट्या माझंच लक्ष होतं. हातांच्या लांबीचा भाग त्यातून केव्हाच गळून पडला. सांगता सांगता त्याचा स्वतःचाही विश्वास बसला, आणि मग ते घरीही बोलून बसला.

"हात वाचवला मी तुझा," कॉफी पिता पिता तो म्हणाला.

सिल्वी पाव कापत होती. अंगठ्यावरची खपली अजून निघाली नव्हती. "मी विचारलं होतं, टाउनो," ती म्हणाली.

तो पुढच्या बोलण्याची वाट बघत बसला. भांडण झालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं, भांडणात तो पटाईत होता. तिने पावाचा तुकडा त्याच्या बशीत ठेवला आणि लोणी पुढे सरकवलं.

त्यानंतर तिने त्याला काही विचारलंच नाही. रागावली होती म्हणावं तर तसंही नाही. कॉफी वेळेवर मिळे, ती हसे, शनिवारी सौना तापे. पण पूर्वी ती आतून हाक मारून विचारी, "टाउनो, धुराड्याची झडप उघडलीस का?" आता हात पुसून बाहेर जाई आणि स्वतः बघून येई. विहिरीचं झाकण लावलंय म्हणून त्याने सांगितलं, की मान डोलावी, आणि थोड्या वेळाने कंदील घेऊन जाई. टाउनोला हे कळायला बराच वेळ लागला. स्वतःच्याच बोलण्याचा एवढा गलका असताना दुसऱ्याचं न विचारणं कुठून ऐकू येणार?

कळलं तेव्हा तो आर्वोकडे गेला. बढाई न मारता गेला, त्यामुळे आर्वोला वाटलं हा आजारी आहे. तिथे बसून त्याने सिल्वीच्या मापाचे नवे बाण केले, अंगठाभर जास्त ठेवून, चांगले वजनदार, आणि लाल दोराही स्वतः गुंडाळला. सिल्वीने ते हातात घेतले. "छान झालेत," ती म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. मग त्याच्यासमोरच एकेक बाण धनुष्यावर चढवून दोरी ओढली, आणि प्रत्येक वेळी मान खाली करून टोक कुठे येतं ते बघितलं.

डिसेंबरात सरोवराची खाडी गोठली. बर्फ चांगला धरल्यावर एका सकाळी टाउनो तिच्या आधी उठून पहार घेऊन गेला, काठापासून आतपर्यंत भोकं पाडली, बर्फ किती जाड आहे ते प्रत्येक भोकात हात घालून पाहिलं आणि बोटं बधिर करून परत आला. मासे धरायला दोघं निघाली तेव्हा काठावर उभं राहून तो म्हणाला, "बर्फ पक्का आहे. मी पाहिलंय." आयुष्यात इतकं खरं तो क्वचितच बोलला असेल.

"बरं," सिल्वी म्हणाली.

तिने त्याच्या हातातून पहार घेतली आणि काठाजवळ आली. त्याने पाडलेलं भोक तिथे दिसत होतं, त्यावर नुकती बर्फाची पातळ साय धरली होती. तिने ते पाहिलं, आणि त्या भोकाशेजारीच आपलं भोक पाडायला घेतलं. बर्फाचे तुकडे उडत होते. पाणी लागल्यावर तिने अस्तनी वर केली आणि तो लांब हात कोपरापर्यंत आत घातला. टाउनो बादली धरून मागे उभा राहिला, ती सांगेल तेव्हा पाऊल टाकायला.