चौतीस दारांवरची दुरुस्ती

एलोईसा किंताना बेचाळीस वर्षं आमच्या कोलोरॅडोच्या खोऱ्यातल्या साप्ताहिकात पाण्याच्या बातम्या लिहीत होती. निवृत्त झाल्यावर तिने स्वयंपाकघरातच शिकवणी काढली. आसपासच्या छोट्या पेपरांतले आम्ही पाच जण. फी नाही. हिरव्या मिरचीचा रस्सा, आणि एक नियम: आकडा जिथे मोजला, तिथे आधी जाऊन या. सगळे तिला तिया, म्हणजे मावशी, म्हणायचे.

मी साहित्य शिकून आलेली. वाक्यं बरी जमायची. एप्रिलमध्ये पाणी खात्याच्या कागदावरून मी लिहिलं: विहिरींचं पाणी वर्षात अकरा फुटांनी वाढलं. गेल्या वर्षी चौऱ्यांशी, यंदा पंचाण्णव. विहिरीवर गेले नव्हते. तियाने बातमी फोनवर ऐकली आणि "दे छापायला" म्हणाली.

गुरुवारी अंक निघाला. शुक्रवारी सकाळीच तिचा फोन.

"पोरी, पंचाण्णव म्हणजे काय गं?"

"पाण्याची पातळी."

"जमिनीपासून पाणी किती खोल, ते. वाढलं कसलं? अकरा फूट खाली गेलंय."

पंपाने किती पाणी उपसायचं यावरची मर्यादा ठेवायची की उठवायची, यावर सोमवारी मतदान होतं. मतं बटाटा पिकवणाऱ्या चौतीस शेतकऱ्यांची. माझी बातमी वाचून सगळे खूश होते: पाणी वाढलंय, आता मर्यादा उठवू.

"पुढच्या अंकात दुरुस्ती छापू," मी म्हणाले.

"तोवर मतदान होऊन जाईल. बूट घाल."

तीन दिवस आम्ही दारोदार फिरलो. तिया एकोणसत्तर वर्षांची, गुडघ्याला पट्टा. प्रत्येक दारात तेच बोलायची. "बातमी उलटी छापलीय. हिने लिहिली, मी पास केली. दोघी चुकलो." कुणी हसलं. एकाने दार लावून घेतलं.

त्यांच्यातला ऑरविल हॅमरस्ट्रॉम दार अडवूनच उभा राहिला.

"हिला कॉलेजात आकडे नाही शिकवले?"

"कविता शिकवल्या. मला तर आकडेच येतात, तरी सुटलं."

"पंप बंद ठेवा म्हणायला आलीयस. कळतं मला."

"मत तुझं, ऑरविल. कुठे द्यायचं तिथे दे. खऱ्या आकड्यावर दे, एवढंच."

तिने पाण्याला टेकली की वाजणारी मोजायची फीत माझ्या हातात दिली. मी ती त्याच्या विहिरीत सोडत गेले. शहाण्णव फुटांवर टोक पाण्याला टेकलं, पीं वाजलं. ऑरविलने फीत माझ्याकडून घेतली, वर ओढली, स्वतः पुन्हा सोडली. पुन्हा शहाण्णव.

तिसाव्या दारात एका बाईने तियाला विचारलं, "तुझ्या भावाच्या विहिरीला आलं का पाणी?"

"नाही. गेल्या शरद ऋतूपासून कोरडीच."

मी तिच्याकडे बघत राहिले. एकोणतीस दारांत ती हे एकदाही बोलली नव्हती. गाडीत मी विचारलं, का नाही सांगितलंस?

"त्यांनी आकडा ऐकायला दार उघडलं होतं. माझं रडगाणं ऐकायला नाही."

सोमवारी सभागृहात हात मोजले. मर्यादा ठेवा, अठरा. उठवा, सोळा. त्या सोळांत ऑरविलचा हात होता.

सभा संपल्यावर तो सरळ माझ्याकडे आला. पुढच्या अंकासाठी लिहिलेली दुरुस्ती अजून माझ्या हातातच होती.

"शहाण्णव मला पटत नाही. बुधवारी पुन्हा मोजायचं. सात वाजता ये, फीत घेऊन."

"येते," मी म्हणाले.